गर्भपाताआधीची सोनोग्राफी: काय विचारायचं, कशावर सही करायची आणि स्क्रीन बघायची की नाही

सगळ्यात आधी हे वाचा, कारण इथेच बहुतेक जणी अडकतात. आपल्या देशात गर्भपाताआधी सोनोग्राफी केलीच पाहिजे असा कायदा नाहीये. १९७१ चा एमटीपी कायदा, म्हणजे गर्भपाताचा कायदा, घ्या, त्यातली २०२१ ची दुरुस्ती घ्या, कुठेही सोनोग्राफी सक्तीची असं लिहिलेलं नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती गरज असेल तर करायची तपासणी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत तर सरळच म्हटलंय की गर्भपाताची सेवा द्यायला सोनोग्राफीची अट घालू नका.

तरी नाशिकमध्ये प्रत्यक्षात काय होतं, तर शरणपूर रोडला जा, कॅनडा कॉर्नरला जा नाहीतर सिडकोतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये जा, बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य येतं, "आधी सोनो करून या, मग बोलू." आणि मी असं अजिबात म्हणत नाहीये की त्यावर भांडत बसा. सोनोग्राफीचा उपयोग आहे, कधीकधी तर जीव वाचतो. माझं म्हणणं एवढंच की ती तपासणी डॉक्टरला जे कळायला हवं त्यासाठी व्हावी, तुम्हाला लाज वाटावी, भीती वाटावी, तुमचं मन वळावं यासाठी होऊ नये, आणि हे तिथे टेबलावर झोपल्यावर सुचत नाही, घरूनच ठरवून जावं लागतं. मी बऱ्याच जणींबरोबर गेलेय, शेजारच्या, नात्यातल्या, कामावरच्या, त्यातून आणि कायदा वाचून जे कळलंय ते लिहितेय. कुठली गोळी कधी घ्यायची ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरच सांगतील.

आधी आठवडे मोजा

कॅलेंडर काढा आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस शोधा. डॉक्टर तिथूनच मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही, म्हणून तुमच्या हिशोबाने पाच आठवडे असतील तर त्यांच्या हिशोबाने सात निघतात, आणि बाई घाबरते की माझं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. तारीख कागदावर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये ठेवली तरी चालेल, पण दर ठिकाणी तीच सांगा.

आठवडे कशासाठी, तर कायदा सगळा आठवड्यांवर चालतो. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ते ठराविक परिस्थितीतच, म्हणजे बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मधल्या काळात नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर दोष, किंवा आपत्ती-आणीबाणीचा काळ. चोवीसच्या पुढे गर्भात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बाईचा जीव धोक्यात असेल तर हे आठवड्यांचं गणित लागू नाही, तेव्हा डॉक्टरने लगेच करायचं असतं.

आता सोनोग्राफी इथे कुठे कामाला येते ते बघा. पाळी अनियमित आहे, बाळ अंगावर पितंय म्हणून पाळी आलीच नव्हती, गर्भनिरोधक गोळ्या चालू-बंद केल्या होत्या, तारीख आठवतच नाही, अशा वेळी तारखेवरून वय काढणं अवघड, मग मशीनवर मोजलेलं वय कामाचं. तारीख पक्की आहे, डॉक्टरने तपासलं तेव्हा पिशवीचा आकार तारखेशी जुळतोय, कुठलीच तक्रार नाही, तर सोनोग्राफीशिवायही पुढे जाता येतं आणि तसं केल्याने डॉक्टर कुठलाही कायदा मोडत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण पेठ-सुरगाण्याकडच्या बाईला "सोनो करून या" म्हणणं म्हणजे एक दिवस नाशिकला यायचा, एक दिवस रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरकडे जायचा, दोन्ही दिवसांचं गाडीभाडं आणि दोन्ही दिवसांचा खाडा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या सीझनमध्ये हे जमतच नाही, मग ती "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणते आणि गोळ्यांची मुदत निघून जाते.

घाईपण करू नका. घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच संध्याकाळी सोनोग्राफीला पळाल्या तर कदाचित काहीच दिसणार नाही. साधारण पाच आठवड्यांच्या आसपास सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची थैली, दिसायला लागते, ठोके सहाच्या आसपास, आणि तेही आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत. त्याआधी गेलात की "आठ दिवसांनी परत या" आणि परत फी. आधी डॉक्टरला भेटा, मग ते सांगतील तेव्हा सोनो.

पण पुढचं जर होत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी जा: पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, थोडं थोडं रक्त जातंय, आधी कधी नळीत गर्भ राहिला होता, किंवा कॉपर-टी आत असताना दिवस गेलेत. गर्भ नळीत असेल तर गर्भपाताच्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते. इथे सोनोग्राफीला कोणी नाही म्हणू नये. याच कारणासाठी मेडिकलमधून कोणाकडून तरी मागवून गोळ्या घरी घेऊ नका.

कुठे जायचं

भिंतीवर बघा. सोनोग्राफी सेंटरवर पीसीपीएनडीटीचं, म्हणजे लिंगनिदान रोखायच्या कायद्याचं, नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलंच पाहिजे, आणि गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे असा मराठीत बोर्डही. जिथे गर्भपात करणार त्या खाजगी दवाखान्याला वेगळी मान्यता लागते, एमटीपीची, तिचंही प्रमाणपत्र समोर लावलेलं असतं. सोनोचं आहे म्हणजे एमटीपीचं आहे असं धरून चालू नका. दिसलं नाही तर विचारा, विचारण्यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नाही.

सरकारी दवाखान्यांना अशी वेगळी मान्यता लागत नाही. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाशिकरोडला महापालिकेचं बिटको, कथड्याला झाकिर हुसेन, यातलं जे जवळ पडेल तिथे ओपीडीला जाऊन विचारा की एमटीपी करणारे डॉक्टर कुठल्या वारी असतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सरकारीत सोनोग्राफीला नंबर लागायला वेळ जाऊ शकतो, तारीख लांबची मिळाली तर तिथेच सांगा की इतके आठवडे झालेत आणि मला लवकरची तारीख हवी, गप्प बसून तारीख घेऊन येऊ नका.

फॉर्म एफ

गरोदर बाईची कुठलीही सोनोग्राफी असो, पुढे मूल ठेवायचं असो की नसो, फॉर्म एफ भरावा लागतोच. हा गर्भपाताचा कागद नाहीये, हा लिंगनिदान रोखायच्या १९९४ च्या कायद्याचा कागद आहे, आणि सेंटरला त्याची नोंद दर महिन्याला वर कळवावी लागते. त्यामुळे तो भरताना त्यांनी प्रश्न विचारले की लगेच अंगावर काटा आणू नका. नाव, वय, पत्ता, मुलगे किती मुली किती, शेवटची पाळी, कोणी पाठवलं हे विचारतात. डॉक्टरची चिठ्ठी आणि आधार कार्ड किंवा दुसरा ओळखीचा पुरावा सोबत ठेवा म्हणजे परत पाठवणार नाहीत.

ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव अशी एकच जागा नाही, नवरा, वडील किंवा आई यांपैकी नाव असं आहे. आईचं नाव लिहिलं तरी चालतं. काउंटरवर कोणी मोठ्याने "मिस्टरांचं नाव?" विचारलं तर शांतपणे "आईचं नाव लिहा" म्हणायचं आणि ते नाव सांगायचं, पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही. बहुतेक वेळा ती मुलगी पुढचा प्रश्न विचारत नाही.

खाली तुमचं एक प्रतिज्ञापत्र असतं की मला या सोनोग्राफीतून गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. वाचा आणि मग सही करा. तिथे "मी गर्भपाताला तयार आहे" असं काही नसतं. त्याची संमती वेगळ्या कागदावर, ते पुढे लिहिलंय.

मुलींची संख्या विचारतात तेव्हा दोन मुली असलेल्या बाईकडे बघायची नजर बदलते, हे मी बघितलंय. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या आणि २०११ ला ८९४ झाल्या, म्हणजे हा कायदा का हवा यावर वाद नाही, परळी आणि म्हैसाळची बेकायदा गर्भपातांची प्रकरणं आपण विसरलेलो नाही. पण सात-आठ आठवड्यांना सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. तेव्हा आलेल्या बाईवर संशय घेण्यात काही अर्थच नाही, आणि दोन मुलींच्या आईलाही तिसरं मूल नको असण्याचा तितकाच हक्क आहे जितका दोन मुलग्यांच्या आईला आहे. लिंगनिदानाचा आणि गर्भपाताचा, या दोन कायद्यांची सरमिसळ झाल्याने डॉक्टर घाबरतात, मेडिकलवाल्यांनी गोळ्या ठेवणं बंद केलं, आणि भोगते ती बाई.

आत गेल्यावर

फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगून टाका की ही गर्भपाताआधीची, वय बघायची सोनोग्राफी आहे. नाहीतर काय होतं, बाहेर बाकावर सातव्या महिन्याच्या बायका त्यांच्या सासवांबरोबर बसलेल्या असतात, तुमचा नंबर आला की आतली मुलगी हसून "अभिनंदन हं" म्हणते, तिचा हेतू वाईट नसतो पण तुमच्या पायातलं बळ जातं. आधी सांगितलेलं असलं की बरीच सेंटर जरा जपून वागतात.

आतून करणार की पोटावरून, हे विचारा. पोटावरून असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी धरून जावं लागतं, आतून असेल तर लघवी करून जायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून नीट दिसत नाही म्हणून आतून करतात, आत घालायच्या प्रोबवर नवीन कव्हर चढवतात, दुखायला नको, थोडं अवघडल्यासारखं होतं. पण ती तुमच्या शरीराच्या आत जाणारी तपासणी आहे, तुम्हाला आधी सांगून, तुम्ही हो म्हटल्यावरच व्हायला हवी. डॉक्टर पुरुष असेल तर सोबत बाई कर्मचारी हवी असं मागा. मधेच "थांबा" म्हणता येतं. जिच्यावर जबरदस्ती झालीये तिच्यासाठी तर हे फार महत्त्वाचं आहे, तिने पोटावरून करा असा आग्रह धरला तर डॉक्टरने आधी तेच करून बघावं.

आता स्क्रीन. टेबलावर झोपायच्या आधी, कपडे सावरायच्या आधी, हे वाक्य बोला: "मॅडम, मला स्क्रीन बघायची नाहीये आणि ठोक्यांचा आवाज बंद ठेवा, रिपोर्टमध्ये काय ते लिहा." किंवा बघायची असेल तर, "मला बघायचंय, दाखवाल का?" दोन्ही बरोबर आहे. एका ठिकाणी आमच्या ओळखीच्या एका बाईला मशीनवरच्या माणसाने स्वतःहून स्क्रीन फिरवून "बघा ना, ठोके आलेत, एवढं चांगलं आहे सगळं" असं म्हटलं. तिला आधीची तीन लेकरं, नवऱ्याचं सातपूरच्या कंपनीतलं काम गेलेलं. तिचा निर्णय बदलला नाही. ती रिक्षात एवढंच म्हणाली की त्याला काय वाटलं, मला माहीत नव्हतं का.

ज्या देशांत हे कायद्याने करतात

हे इथे का आणतेय, तर आजकाल घरातच कोणीतरी व्हिडिओ बघून म्हणतं, "अमेरिकेत तर दाखवल्याशिवाय करतच नाहीत, आपल्याकडेही तसंच पाहिजे." मग उत्तर देता यायला हवं.

टेक्ससमध्ये २०११ ला कायदा आला. गर्भपाताच्या किमान चोवीस तास आधी सोनोग्राफी, डॉक्टरने चित्र समोर ठेवायचं, काय काय दिसतंय त्याचं वर्णन करायचं, ठोके ऐकू येतील असं करायचं. बाई नजर फिरवू शकते, ठोके नको म्हणू शकते, पण वर्णन मात्र काही अपवाद सोडले तर ऐकावंच लागतं. नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी असाच कायदा केला, त्यात बाईने डोळे मिटले, कान झाकले तरी डॉक्टरने बोलत राहायचं होतं. तिथल्या फेडरल अपील कोर्टाने २०१४ मध्ये तो रद्द केला, कारण सरकार आपला विचार डॉक्टरच्या तोंडून वदवून घेतंय. केंटकीचा तसाच २०१७ चा कायदा दुसऱ्या अपील कोर्टाने २०१९ ला योग्य ठरवला आणि सुप्रीम कोर्टाने त्यात पडायला नकार दिला. म्हणजे एकाच देशात एकाच प्रश्नावर दोन कोर्टांची दोन उत्तरं. व्हर्जिनियात २०१२ ला मोठा गदारोळ झाला, कारण लवकरच्या आठवड्यांत सोनोग्राफी सक्तीची म्हणजे आतून करायची सक्ती हे लोकांच्या लक्षात आलं, मग पोटावरून करा असं बदललं आणि २०२० मध्ये ती सक्तीच काढून टाकली. जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, आता टेक्सस आणि केंटकीत गर्भपातच जवळजवळ बंद आहे. हंगेरीने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला की गर्भाच्या जिवंतपणाची खूण, म्हणजे साधारण ठोके, बाईसमोर ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

या कायद्यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं असं मला वाटतं. ते म्हणतात, ऑपरेशनच्या आधी सगळी माहिती द्यायची असते, मग ही का लपवायची, आणि एखादी जरी नंतर पस्तावण्यापासून वाचली तरी चांगलंच ना. माहिती लपवू नये हे मलाही शंभर टक्के पटतं. किती आठवडे, गर्भ पिशवीत आहे की नळीत, कुठल्या पद्धतीत काय धोका, हे सगळं सांगितलंच पाहिजे आणि चित्र मागितलं तर दाखवलंच पाहिजे. पण जिने "नको" म्हटलंय तिच्यासमोर धरलेलं चित्र ही माहिती कशी होईल? आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आधीच आया आहेत. पोटात काय वाढतं ते त्यांना कोणी मशीनवर शिकवायची गरज नाही.

आणि त्याने मन बदलतं का? लॉस एंजेलिसमधल्या पंधरा हजारांहून जास्त भेटींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बायकांना विचारलं होतं, बघायचंय का. ४२.५ टक्के हो म्हणाल्या. बघितलेल्यांपैकी ९८.४ टक्क्यांनी गर्भपात केला, न बघितलेल्यांपैकी ९९ टक्क्यांनी. ज्यांचा निर्णय आधीच डळमळीत होता अशा थोड्या जणींमध्ये किंचित फरक पडला, बाकीच्यांत नाही. म्हणजे जिचं ठरलंय तिला फक्त त्रास होतो, आणि जिचं ठरलेलं नाही तिला चित्रापेक्षा शांतपणे बोलणारं माणूस आणि दोन दिवसांचा वेळ लागतो, तो मागायचा तिला पूर्ण हक्क आहे.

आपल्याकडेही सक्तीची कल्पना येऊन गेलीये, पण दुसऱ्या दरवाजाने. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या की प्रत्येक गर्भाचं लिंग तपासून नोंदवावं म्हणजे मुलींचे गर्भ पाडले जाणार नाहीत. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी तेव्हाच विरोध केला. तिकडे हेतू गर्भ वाचवायचा, इकडे मुली वाचवायचा, पण दोन्हीकडे मशीनचा उपयोग बाईवर पाळत ठेवायला. घरातल्या माणसाला हे समजावताना मी हेच सांगते, की चांगल्या हेतूनेसुद्धा सक्ती करायची तर त्या टेबलावर आपली बहीण आहे असं धरून मग बोला.

ज्यांना मूल हवं होतं त्यांच्यासाठी

अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत गंभीर दोष निघाला आणि आता हा निर्णय घ्यावा लागतोय, अशा जोडप्यांचं सगळंच वेगळं असतं. त्यांना कितीतरी वेळा बघायचं असतं, ठोके ऐकायचे असतात, प्रिंट जवळ ठेवायची असते. काही सेंटर पीसीपीएनडीटीच्या भीतीने स्क्रीन दाखवतच नाहीत. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्याला, खुणेनेसुद्धा. बाकी दाखवायला बंदी नाही, हे शांतपणे सांगून विनंती करा. रिपोर्टमध्ये दोष स्पष्ट लिहून घ्या, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं तर त्याच आठवड्यात घ्या. चोवीसच्या पुढे गेलं तर बोर्डाकडे अर्ज लागतो, बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं आणि अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया व्हायची असा नियम आहे, कुठे अर्ज करायचा ते सिव्हिलमध्ये विचारा. २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहतांना हायकोर्टात जाऊनही नकार मिळाला होता, बाळाच्या हृदयात दोष होता आणि तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. आज निदान कोर्टाची पायरी न चढता बोर्डाकडे जाता येतं.

सही कोणाची

गर्भपाताच्या संमतीचा कागद फॉर्म सी. अठरा वर्षं पूर्ण असतील तर त्यावर फक्त तुमची सही. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईवडिलांची नाही. मानसिक आजार असेल किंवा वय अठराच्या आत असेल तरच पालकाची. "मिस्टरांना घेऊन या" हे वाक्य नाशिकमध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की लोकांना तोच कायदा वाटतो. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की डॉक्टरांनी कुटुंबाची संमती, जास्तीचे पुरावे, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत. त्याच निकालात अविवाहित बाईलाही वीस ते चोवीस आठवड्यांमधला हक्क दिला आणि नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा गर्भपातापुरती बलात्कारात धरली.

कोणी अडवलं तर भांडू नका, म्हणा, "डॉक्टर, कायद्याने माझी एकटीची सही पुरते, तुम्हाला करायचं नसेल तर केसपेपरवर कारण लिहून द्या, मी दुसरीकडे जाते." लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा सूर बदलतो. नाही बदलला तर वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा दुसरीकडे जा, आठवडे महत्त्वाचे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, त्यामुळे घरचे घाबरून भलत्याच ठिकाणी नेतात, तसं करू नका. मुलीने आणि पालकांनी मागितलं तर डॉक्टरने त्या कळवण्यात तिचं नाव देण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

तुमचं नाव बाहेर फोडणं हा एमटीपी कायद्याखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. गर्भपाताचं रजिस्टर गुप्त ठेवायचं असतं. त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्या कोणाच्या व्हॉट्सअॅपवर मागवू नका, स्वतःच्याच नंबरवर घ्या किंवा कागदच घ्या.

तक्रार करायची तर

सोनोग्राफी सेंटरची तक्रार शहरात महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे, शहराबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सरकारी दवाखान्यात नकार मिळाला तर आधी तिथल्याच वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या. वकील लागला तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

झाल्यानंतरची सोनोग्राफी

यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितेय. गोळ्या घेतल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी दाखवायला बोलावतात. रक्त नेहमीसारखं जाऊन थांबत आलंय, दुखणं गेलंय, गरोदरपणाच्या उलट्या-मळमळ गेली, तर दर वेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही. केली आणि रिपोर्टमध्ये "थोडं राहिलंय" असं आलं तर लगेच क्युरेटिंगला, म्हणजे पिशवी साफ करायला, हो म्हणू नका. थोडा गाठीसारखा भाग दिसणं त्या दिवसांत नेहमीचं आहे, बऱ्याचदा तो पुढच्या पाळीत निघून जातो. डॉक्टरला विचारा, "मला ताप नाही, जास्त रक्त नाही, मग वाट बघता येईल का, किंवा गोळीने होईल का?" ताप असेल, घाण वास येत असेल, रक्त थांबतच नसेल तर मात्र त्यांचं ऐका.

पुढचे दिवस दोन आठवड्यांच्या आतही जाऊ शकतात, म्हणून पुढचं गर्भनिरोधक साधन काय ते त्याच भेटीत ठरवून घ्या. पण कॉपर-टी बसवली तरच गर्भपात करू असं कोणी म्हटलं तर तीही कायद्यात नसलेली अट आहे.

आणि रात्री-बेरात्री सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पोट कडक होऊन दुखत असेल, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा, सरळ सिव्हिल किंवा जे जवळ असेल तिथे जा आणि गोळ्या घेतल्यात हे खरं सांगा, कधी घेतल्या आणि किती आठवड्यांना घेतल्या तेही, कारण त्यावरूनच पुढचे उपचार लवकर सुरू होतात.